टेबल पुन्हा पुन्हा करप्ट का होते?

मायएसक्यूएलवर चाललेली एखादी जुनी वेबसाइट, ग्रंथालयाची सूची किंवा दुकानाची बिलिंग प्रणाली ज्यांना सांभाळावी लागते, त्यांच्या ओळखीची एक तक्रार आहे: अमुक टेबल ‘क्रॅश्ड’ ठरले आहे, ते रिपेअर करावे. तिचा क्रमांक 145. उपाय तक्रारीतच सांगितलेला असतो. ‘रिपेअर टेबल’ ही आज्ञा द्यायची, थोड्या वेळात ‘ओके’ असे उत्तर येते आणि अडकलेले पान उघडू लागते. खरी अडचण आठ-पंधरा दिवसांनी तेच टेबल तीच तक्रार घेऊन पुन्हा बंद पडते तेव्हा सुरू होते. मग रोज रात्री सगळी टेबले आपोआप तपासून रिपेअर करणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यादीत, टाकली जाते आणि विषय मिटला असे धरले जाते. माझे म्हणणे असे की, विषय मिटलेला नसतो. त्याचा माग काढण्याची साधने मात्र त्या ओळीमुळे रोज रात्री पुसली जातात. एकदा करप्ट झालेले टेबल अपघात म्हणून सोडून देता येईल. पुन्हा पुन्हा करप्ट होणारे टेबल ही साक्ष असते. ती बहुतेक वेळा टेबलाच्या खाली असलेल्या गोष्टींविषयी असते: वीज, डिस्क, रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सर्व्हर चालवण्याची आपली पद्धत.

हे पटण्यासाठी असे टेबल डिस्कवर कसे राहते ते पाहावे लागेल. 2010 च्या अखेरीस मायएसक्यूएलची 5.5 ही आवृत्ती येईपर्यंत नवे टेबल तयार करताना वेगळे काही सांगितले नाही तर ते ‘मायआयसॅम’ या इंजिनात तयार होत असे. त्यामुळे त्याआधी उभारलेल्या साइट्सची टेबले कोणी मुद्दाम बदलली नसतील, तर आजही बहुधा त्याच रूपात आहेत. मायआयसॅमचे टेबल म्हणजे मुख्यतः दोन फायली. एमवायडी फाइलीत प्रत्यक्ष नोंदी असतात आणि एमवायआय फाइलीत त्या नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून केलेला इंडेक्स. एक नोंद वाढली की दोन्ही फायलींत निरनिराळ्या जागी बदल होतात. मायआयसॅम हे बदल ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करते आणि पुढच्या कामाला लागते. ते डिस्कवर खरोखर उतरले का, याची खात्री ते करून घेत नाही आणि आपण काय बदलणार होतो याची वेगळी नोंदही ठेवत नाही. एमवायआय फाइलीच्या आरंभी एक आकडा असतो. टेबलात पहिला बदल होताना तो वाढतो आणि टेबल नीट बंद झाले की उतरतो. सर्व्हर मध्येच मारला गेला तर तो आकडा चढलेलाच राहतो आणि पुढच्या तपासणीत ‘हे टेबल कोणी वापरत आहे किंवा ते नीट बंद झालेले नाही’ असा इशारा मिळतो. हा नुसता इशारा आहे. टेबल शाबूत असूनही तो येऊ शकतो. 145 ची तक्रार त्याच्या पुढची. वाचताना किंवा लिहिताना इंजिनाला प्रत्यक्ष विसंगती आढळली, म्हणजे इंडेक्स जिथे नोंद आहे असे सांगतो तिथे ती मिळाली नाही, तेव्हा त्याने फाइलीवर ‘क्रॅश्ड’ अशी खूण केली. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे निदान चुकते.

रिपेअर या अवस्थेत काय करते? ते एमवायडी फाइल वाचत जाते, ओळखू येतील त्या नोंदी ठेवते आणि त्यांच्या आधारे इंडेक्स नव्याने बांधते. फक्त इंडेक्स बिघडला असेल तर हा उपाय उत्तम, कारण इंडेक्स नोंदींवरून केव्हाही पुन्हा तयार होतो. पण नोंदच बिघडली असेल, तर ती ओळखू येत नाही आणि गळते. अशा वेळी ‘ओके’च्या आधी एक ओळ येते की, नोंदींची संख्या इतक्यावरून इतकी झाली. माणूस घाईत ‘ओके’ वाचतो. क्रॉनमधून चाललेल्या रिपेअरची ती ओळ वाचायला तर कोणी नसतेच. टेबल उघडताना आपोआप दुरुस्ती व्हावी यासाठी मायएसक्यूएलमध्ये जी सेटिंग आहे, तिच्यात ‘फोर्स’ नावाचा पर्याय आहे. त्याचा अधिकृत अर्थ असा की, एकाहून अधिक नोंदी गमवाव्या लागल्या तरी दुरुस्ती पुढे न्यावी. तो अनेक ठिकाणी सोय म्हणून चालू ठेवलेला असतो. शिवाय ‘ओके’चा अर्थ फाइलीची रचना जुळली एवढाच आहे. टेबल तयार करताना चेकसमचा, म्हणजे डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा, पर्याय मुद्दाम निवडला नसेल आणि एखाद्या रकमेतला एकच बिट उलटला असेल, तर नोंदीची लांबी बरोबर भरते, रिपेअरला वावगे काही दिसत नाही आणि चुकीची रक्कम ‘दुरुस्त’ टेबलात तशीच राहते.

तक्रारीत दिलेला सल्ला म्हणजे निदान नव्हे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 126 क्रमांकाच्या तक्रारीत सापडतो. ‘या टेबलाची इंडेक्स फाइल चुकीची आहे, रिपेअर करून पाहा’ असे ती म्हणते. पण जुन्या आवृत्त्यांत ती अनेकदा ज्या टेबलाविषयी येते, ते आपण तयार केलेले नसतेच. मोठी क्वेरी चालवताना सर्व्हरने टेम्प फोल्डरमध्ये क्षणभरासाठी बनवलेले ते टेबल असते आणि तक्रार येते त्या फोल्डरची जागा संपल्यामुळे. रिपेअर करण्यासारखे तिथे काही उरलेलेही नसते. जागा संपण्याचा आणि रिपेअरचा आणखी एक उलटा संबंध आहे. साधी नोंद लिहिताना डिस्क भरली तर मायएसक्यूएल थांबून जागा मोकळी होण्याची वाट पाहते. मात्र रिपेअर चालू असताना जागा संपली, तर ते आपली मोठी तात्पुरती फाइल काढून टाकते आणि टेबलावर ‘क्रॅश्ड’ अशी खूण करते. म्हणजे जवळजवळ भरलेल्या डिस्कवर रोज रात्री रिपेअर चालवणारी ओळ स्वतःच ती तक्रार निर्माण करू शकते, जिच्यासाठी ती लिहिली गेली.

पुनरावृत्तीला मी साक्ष म्हणतो, त्याला भक्कम आधार आहे. 2008 साली विस्कॉन्सिन आणि टोरंटो विद्यापीठांतील संशोधकांनी नेटॲप या कंपनीतील सहकाऱ्यांसह सुमारे 15 लाख 30 हजार डिस्कच्या 41 महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना 4 लाखांहून अधिक ठिकाणी डेटा आणि त्याचा चेकसम जुळत नसल्याचे आढळले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. एकाच डिस्कवरच्या अशा घटना एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. ज्या डिस्कवर एकदा बिघाड दिसला, तिच्यावर तो पुन्हा, आणि बहुधा जवळपासच्या जागी दिसण्याची शक्यता जास्त असते. एका प्रकारच्या डिस्कमध्ये तर ठरावीक क्रमांकांचे ब्लॉक इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा बिघडत होते, म्हणजे दोष त्या डिस्कच्या घडणीत किंवा तिच्या फर्मवेअरमध्येच असावा. बिघाड असा गटाने येत असेल, तर ‘एकदा झाले, दुरुस्त केले, आता पुन्हा कशाला होईल’ हा तर्क मुळातच लंगडा ठरतो.

तरीही तेच टेबल पुन्हा बिघडते म्हणून त्याच्याखालची डिस्क खराब, असे लगेच म्हणता येत नाही. बहुतेक प्रणालींत एक-दोन टेबले अशी असतात की, त्यांत सतत लिहिले जाते: सेशनचे, लॉगचे, वर्डप्रेसमध्ये ऑप्शन्सचे. सर्व्हर कोणत्याही क्षणी मारला गेला तरी त्या क्षणी तेच टेबल अर्धवट लिहिलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. म्हणून पहिला प्रश्न टेबलाला न विचारता सर्व्हरला विचारावा: तू केव्हापासून चालू आहेस? मायएसक्यूएलमध्ये ‘अपटाइम’ हा आकडा सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे सेकंद सांगतो. आपण महिनाभर सर्व्हरला हात लावलेला नसताना तो आकडा काही तासांचाच निघाला, तर मधे कोणीतरी सर्व्हर पाडला आणि तो पुन्हा उठला हे उघड झाले. आजकाल सर्व्हर पडला की लिनक्समधली सेवा सांभाळणारी सिस्टिमडी त्याला बहुधा गाजावाजा न करता परत उभा करते, त्यामुळे पडणे कोणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात येते ते फक्त करप्ट टेबल.

पुढचा पुरावा एरर लॉगमध्ये असतो आणि तो वाचण्याची एक रीत आहे. सर्व्हर नीट बंद झाला तर शेवटी ‘शटडाउन कम्प्लीट’ अशी ओळ असते. सर्व्हर स्वतःच्या चुकीने कोसळला तर मरता मरता तो आपल्याला कोणता सिग्नल मिळाला, बहुधा 11, आणि त्या वेळी काय चालले होते हे लिहून जातो. पण ऑपरेटिंग सिस्टिमने 9 क्रमांकाच्या सिग्नलने मारले किंवा वीजच गेली, तर त्याला काही लिहिण्याची संधी मिळत नाही. निरोपाची एकही ओळ न येता थेट नव्याने सुरू झाल्याची ओळ दिसते, तेव्हा ती शांतताच पुरावा आहे. मग कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधावेत. एक जीबी रॅमच्या स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र नांदत असतील आणि गर्दीच्या वेळी पीएचपीच्या प्रक्रिया वाढल्या, तर लिनक्स मेमरी मोकळी करण्यासाठी सामान्यतः सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रक्रियेचा बळी घेते. ती बहुतेकदा डेटाबेसच असते. वारंवार करप्ट होणाऱ्या टेबलांच्या तपासात छोट्या सर्व्हरांवर मी याच शक्यतेला अग्रस्थान देईन. इलाजही साधा आहे: पीएचपीच्या प्रक्रियांची कमाल संख्या बांधून घ्यावी, डेटाबेसचे बफर रॅमला झेपतील इतके ठेवावेत, नाहीतर रॅम वाढवावी. रिपेअरचा यात कुठेच संबंध नाही.

शाळेत, दुकानात किंवा गावातल्या लहान कार्यालयात साध्या डेस्कटॉपवर झॅम्पसारखे पॅकेज बसवून सर्व्हर चालवला जातो, तिथे वीज जाणे हे तितकेच मोठे कारण आहे. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी निकामी झालेली असते किंवा संध्याकाळी मुख्य बटण सरळ बंद केले जाते. करप्ट होण्याची वेळ आणि वीज जाण्याची वेळ यांची नोंद शेजारी शेजारी ठेवली की आणखी वेगळा शोध घ्यावा लागत नाही. वेळ रोज एकच असेल, तर त्या वेळी चालणाऱ्या कामांकडे पाहावे. सर्व्हर चालू असतानाच बाहेरून मायआयसॅमचेक हे साधन फायलींवर चालवणे, चालू डेटाबेसच्या फायलींवर बॅकअपमधल्या फायली थेट उतरवणे, अँटिव्हायरसने डेटाचे फोल्डर धरून ठेवणे, या सगळ्यांत एकाच फाइलीला दोन हात लागतात आणि सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीतही बाहेरच्या साधनाने एकाच वेळी फायली बदलणे हे करप्शनचे एक कारण म्हणून दिलेले आहे.

अपटाइम महिनोन्‌महिन्यांचा आहे, लॉग स्वच्छ आहे, वेळेचा काही मेळ नाही आणि तरीही कधी हे तर कधी ते टेबल बिघडते, अशी स्थिती असेल तर संशय यंत्रावर घ्यावा. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे वाढत आहेत का, हे पाहावे. सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर डिस्कऐवजी केबल दोषी असू शकते. रॅमकडे लोक सर्वांत शेवटी वळतात, ते मला योग्य वाटत नाही. 2009 साली गूगलच्या सर्व्हरांवरील अभ्यासात दरवर्षी 8 टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांवर चुका आढळल्या होत्या. त्या सर्व्हरांत चुका ओळखून सुधारणारी ईसीसी रॅम होती म्हणून त्या मोजता तरी आल्या. साध्या डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते, त्यामुळे उलटलेला बिट बिनबोभाट डिस्कवर जातो. रात्रभर मेमटेस्ट चालवणे ही कंटाळवाणी, पण उपयोगी चाचणी आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. साइट बंद आहे, ग्राहक खोळंबले आहेत. अशा वेळी पुरावे गोळा करत कोण बसणार? आक्षेप रास्त आहे आणि आधी साइट चालू करू नये असे कोणीच म्हणत नाही. पण सर्व्हर थांबवून त्या टेबलाच्या फायलींची प्रत बाजूला ठेवायला बहुतेक वेळा काही मिनिटे लागतात, आणि ही प्रत दोन कारणांसाठी हवी. रिपेअर मूळ फाइलीच्या जागी नवी फाइल ठेवते, त्यामुळे त्यात काही गळाले तर मूळ फाइल उरत नाही; मायएसक्यूएलची अधिकृत माहितीही रिपेअरआधी प्रत घ्या असेच सांगते. दुसरे, रिपेअर चालू असताना सर्व्हर पुन्हा पडला तर टेबल आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाऊ शकते, आणि ज्या यंत्रावर सर्व्हर वारंवार पडतो तिथे ही भीती काल्पनिक नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मायआयसॅम जुने झाले, टेबले इनोडीबीत बदला, प्रश्न संपला, असे जाणकार सांगतात. यातला मोठा भाग मला मान्य आहे. फिनलंडच्या हेइक्की तूरी यांनी घडवलेले इनोडीबी आपल्या पेढ्यांवरच्या जुन्या शिस्तीने चालते: व्यवहार आधी कीर्दीत आणि मग खतावणीत. कोणताही बदल मूळ जागी उतरण्याआधी लॉगमध्ये पक्का लिहिला जातो, म्हणून सर्व्हर मध्येच पडला तरी उठल्यावर लॉगवरून सगळे जुळवता येते. अशा पद्धतींची सर्वांत प्रभावी मांडणी 1992 साली ‘एरिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक, तेव्हा आयबीएममध्ये असलेले सी. मोहन, हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. याशिवाय इनोडीबी आपले सामान्यतः 16 केबीचे प्रत्येक पान आधी वेगळ्या जागी आणि मग मूळ जागी लिहिते, म्हणजे वीज जाऊन अर्धेच पान उतरले तरी पूर्ण प्रत शिल्लक राहते. आजच्या काळात मायआयसॅमवर टिकून राहण्याचे समर्थन क्वचितच करता येईल. मायएसक्यूएलने स्वतःची यूजर आणि परवानग्यांची टेबलेही 8.0 या आवृत्तीत इनोडीबीत नेली.

पण या बदलाने एकच कारण निष्प्रभ होते, ते म्हणजे अवेळी बंद पडणे. खराब रॅम, खोटे बोलणारी डिस्क, फायलींना लागणारे दुसरे हात ही कारणे तशीच राहतात. फरक इतकाच की इनोडीबी प्रत्येक पानाचा चेकसम तपासते, त्यामुळे डिस्कवरचा बिघाड सहसा लपत नाही. तो सापडला की सर्व्हर थांबतो किंवा सुरूच होत नाही. मग लोक ‘फोर्स रिकव्हरी’ ही सेटिंग शोधून काढतात आणि 1 पासून 6 पर्यंत आकडा चढवत नेतात. त्यातल्या 4 आणि त्यावरच्या पायऱ्या डेटा कायमचा बिघडवू शकतात, असा स्पष्ट इशारा अधिकृत माहितीत आहे. ही सेटिंग डेटा बाहेर काढून नव्या जागी नेण्यापुरती आहे. तिच्यावर रोजचा कारभार चालवणे म्हणजे क्रॉनमधल्या रिपेअरची तीच सवय दुसऱ्या नावाने चालू ठेवणे आहे. आणखी एक गोष्ट अशी की, इनोडीबीत गेल्यावर सर्व्हर रोज मेमरीअभावी मारला जात असला तरी टेबल तक्रार करत नाही. म्हणून बदल जरूर करावा, पण मारला जाण्याचे कारण शोधल्यानंतर किंवा निदान शोधत असताना.

इंजिन कितीही चांगले असले तरी खालच्या थरावरच्या विश्वासाला मर्यादा असते, हे 2018 साली पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या मंडळींना कळले. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्स ती ‘एफसिंक’ या विनंतीला उत्तर देताना कळवते. पोस्टग्रेस मग तीच विनंती पुन्हा करत असे आणि दुसऱ्यांदा यश मिळाले की सारे ठीक मानत असे. प्रत्यक्षात पहिल्या अपयशानंतर लिनक्स त्या न लिहिलेल्या पानांना ‘लिहिलेले’ समजून मोकळी होऊ शकत होती, त्यामुळे दुसरे यश पोकळ होते. 2019 च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा अपयशावर पुन्हा प्रयत्न करत नाही. ते सरळ थांबते आणि लॉगवरून सगळे नव्याने जुळवते. पुन्हा प्रयत्न केला आणि ‘ओके’ आले, एवढ्यावर भिस्त ठेवण्याच्या विरोधात याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

उरतो बॅकअपचा आक्षेप: रोजचा बॅकअप आहे, मग चिंता कशाची? तो बॅकअप कशाचा आहे, ही चिंता. बॅकअप घेणाऱ्या मायएसक्यूएलडंपला करप्ट टेबल लागले की ते सहसा तिथेच थांबते आणि मागे अर्धी फाइल ठेवते. क्रॉनच्या दृष्टीने फाइल तयार झालेली असते. टेबल आधीच रिपेअर होऊन काही नोंदी गळाल्या असतील, तर बॅकअप सुरळीत होतो, पण गळालेल्या टेबलाचा. सात दिवसांचेच बॅकअप ठेवण्याची पद्धत असेल आणि गळती आठव्या दिवशी लक्षात आली, तर सातही प्रती सारख्याच अपुऱ्या निघतात. म्हणून ज्या दिवशी टेबल करप्ट झाल्याचे कळते, त्या दिवशी जुने बॅकअप पुसण्याचे काम आधी थांबवावे.

दोष मायएसक्यूएलचाच असेल, हेही अशक्य नाही. ते ठरवण्याची चाचणी ठाऊक आहे: बिघाडाआधीच्या फायली दुसऱ्या यंत्रावर ठेवायच्या आणि त्यानंतरचे, डेटातले बदल नोंदणाऱ्या बायनरी लॉगमधील सगळे बदल त्यांच्यावर पुन्हा चालवायचे. तिथेही तेच टेबल बिघडले तर दोष सॉफ्टवेअरचा, आणि तसे कळवायला हातात पुरावा आहे. बिघडले नाही तर संशय पहिल्या यंत्राकडे परत येतो. पण ही चाचणी बिघाडाआधीच्या फायली आणि लॉग असतील तरच करता येते. रोज रात्री न विचारता रिपेअर होत असेल तर बिघाड नेमका कधी झाला हेच कळत नाही.

ज्यांच्या सर्व्हरवर अशी रिपेअरची ओळ क्रॉनमध्ये आहे, त्यांना माझी विनंती आहे की तिच्यातले ‘रिपेअर’ आज काढून टाकावे आणि फक्त तपासणी ठेवावी, ‘चेक टेबल’. तपासणीत काही सापडले तर निरोप माणसाला जावा, आणि त्याने रिपेअर करण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: वेळ, अपटाइमचा आकडा आणि डिस्कवर उरलेली जागा.